युरिक अ‍ॅसिडचं खापर बॅक्टेरियाच्या लोहावर?

सध्या एक संदेश जोरात फिरतोय: आतड्यातल्या बॅक्टेरियाकडे झँथिन डिहायड्रोजनेज नावाचं एन्झाइम असतं, त्यातला लोह-गंधकाचा भाग प्युरिन (डीएनएमध्ये आणि खाण्यातही असणारं द्रव्य) फोडून युरिक अ‍ॅसिड बनवतो, म्हणून लोहयुक्त पदार्थ बंद करा. एन्झाइमचं नाव बरोबर आहे. पुढचं बघू.

‘लोह-गंधकाचा भाग प्युरिन फोडतो.’ ई. कोलाय या आतड्यातल्या बॅक्टेरियामध्ये हे एन्झाइम तीन प्रथिनांचं असतं. एक्सडीएचएमध्ये मॉलिब्डेनम हा धातू, एक्सडीएचबीमध्ये एफएडी (इलेक्ट्रॉन वाहणारा रेणू) आणि सगळ्यात लहान एक्सडीएचसीमध्ये दोन लोह-गंधक गुच्छ. एकेका गुच्छात लोहाचे 2 अणू, गंधकाचे 2, आणि त्यांना धरून ठेवायला 4 सिस्टीन (एक अमिनो आम्ल). झँथिन, म्हणजे ज्याचं युरिक अ‍ॅसिड बनतं ते प्युरिन, येऊन बसतं ते मॉलिब्डेनमपाशी. तिथेच त्याला ऑक्सिजनचा अणू जोडला जातो, तोही हवेतला नव्हे, पाण्यातला. यात सुटणारे 2 इलेक्ट्रॉन एकेक करून गुच्छांवरून एफएडीकडे आणि तिथून एनएडी या तशाच रेणूकडे पोचतात. थोडक्यात, लोहाचं काम हमालाचं. झँथिनला ते शिवतही नाही. आणि ‘फोडतो’ कसलं? प्युरिनची दोन्ही कडी युरिक अ‍ॅसिडमध्ये जशीच्या तशी शाबूत असतात. (रोडोबॅक्टर कॅप्सुलेटस या दुसऱ्या बॅक्टेरियामध्येही एक्सडीएचसी नावाचं प्रथिन आहे, पण तो एन्झाइमचा भागच नाही. मॉलिब्डेनमचा सहघटक आणून बसवणारं ते मदतनीस प्रथिन आहे. नावावरून शोधताना गल्लत होते ती इथे.)

‘बॅक्टेरिया युरिक अ‍ॅसिड वाढवतात.’ रक्तातलं युरिक अ‍ॅसिड मुख्यतः आपल्याच यकृतात आणि आतड्याच्या पेशींत, आपल्याच एन्झाइमने तयार होतं. युरिक अ‍ॅसिड कमी करणारं औषध अ‍ॅलोप्युरिनॉल अडवतं ते याच एन्झाइमला. बाहेर पडणाऱ्या युरिक अ‍ॅसिडपैकी साधारण एक तृतीयांश आतड्यात उतरतं आणि तिथले बॅक्टेरिया त्याचा फडशा पाडतात. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, युरिकेज हे युरिक अ‍ॅसिड मोडणारं एन्झाइम नसलेल्या उंदरांना अँटिबायोटिक देऊन हे बॅक्टेरिया मारले, तेव्हा रक्तातलं युरिक अ‍ॅसिड चढलं. म्हणजे आळ घेतला तो नेमका निस्तरणाऱ्यांवर!

‘लोह बंद करा.’ लोह हिमोग्लोबिनला लागतं आणि असेच लोह-गंधक गुच्छ आपल्या मायटोकॉन्ड्रियाच्या श्वसनसाखळीतही आहेत. खाण्यातलं लोह तोडलं तर पदरी पडेल तो अ‍ॅनिमिया. गाउटच्या (युरिक अ‍ॅसिड साठून होणाऱ्या सांध्यांच्या आजाराच्या) बहुतेक रुग्णांची अडचण मूत्रपिंडातून युरिक अ‍ॅसिड पुरेसं बाहेर न पडण्याची असते, आणि त्या वाटेवर एक्सडीएचसी कुठेच भेटत नाही.