जपानला निघालेल्या शाकाहारी मंडळींनो, आधी 'दाशी' समजून घ्या

'जपानमध्ये आपल्याला खायला काही मिळत नाही, ठेपले-खाकरे भरून न्या' हा सल्ला मला अजिबात पटत नाही. मांस ताटात दिसतं, ते टाळता येतं. खरी अडचण आहे ती न दिसणाऱ्या दाशीची.

बोनिटो मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात. त्याचा पातळ कीस म्हणजे कात्सुओबुशी. तो गरम पाण्यात टाकून गाळला की दाशी तयार. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं) सूप, उदोन-सोबा या शेवयांचा रस्सा, तेंपुरा म्हणजे तिथल्या भज्यांबरोबरची रसाची वाटी, भाजी शिजवायचं पाणी, सगळीकडे बहुधा हीच. त्यामुळे नुसतं 'व्हेजिटेरियन' सांगितलं की टोफू येतो आणि त्यावर तोच कीस वाफेने हलत असतो. यात फसवणूक नाही. रश्शातला मासा हा त्यांच्या लेखी मासा नसतोच.

म्हणून नेमकं सांगा: 'निकु तो साकाना वा ताबेमासेन. कात्सुओ-दाशी मो दामे देस.' म्हणजे मांस-मासे खात नाही, बोनिटोची दाशीही चालत नाही. हे जपानी लिपीत छापून खिशात ठेवा. दुकानातल्या करीच्या तयार मसाल्यात बरेचदा प्राण्यांची चरबी असते आणि उमे (खारवलेलं आंबट फळ) घातलेल्या ओनिगिरीत, म्हणजे भाताच्या गोळ्यातही कधी बोनिटोचा अर्क असतो, तेव्हा घटकांच्या यादीवर मोबाइलचं भाषांतर धरा. नुसत्या मिठाचा ओनिगिरी, अझुकी या लाल कडधान्याच्या गोड सारणाचे मोची (चिकट तांदळाचे गोळे) आणि योकान (त्याच कडधान्याची जेलीसारखी वडी) बहुतेक वेळा चालतात.

आणि क्योटोत दोन दिवसांत दहा देवळं उरकण्यापेक्षा एक रात्र कोयासानला, डोंगरावरच्या बौद्ध मठांच्या गावी, मठातच राहा. ओसाकाच्या नाम्बाहून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशी, साधारण दीड तास. मग 5 मिनिटं केबल कार, वर बस. स्टेशनपासूनच्या त्या रस्त्यावर पायी जायला बंदी आहे, बस सोडू नका. मठात संध्याकाळी 5 च्या आत पोचा, कारण जेवण साडेपाच-सहालाच वाढतात.

ते जेवण म्हणजे शोजिन र्‍योरी, बौद्ध मठांतलं शाकाहारी जेवण. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. कांदेनवमी करून चातुर्मास पाळणाऱ्या घराला हे वेगळं समजवायला नको. दाशी इथे कोम्बूची, म्हणजे समुद्री शेवाळाची. लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम कोम्बू अर्धा तास भिजवायचा, मंद आचेवर तापवायचा आणि उकळी फुटायच्या आत बाहेर काढायचा. उकळला की रस बुळबुळीत आणि कडवट होतो. याच कोम्बूच्या रसातून जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदांनी 1908 मध्ये 'उमामी' ही गोड-आंबट-खारट-कडूपेक्षा निराळी चव वेगळी ओळखली. सोबतचा गोमा-दोफू नावालाच टोफू: त्यात सोयाबीन नसतं. वाटलेले तीळ आणि कुझू या वेलीच्या मुळाचं सत्त्व सतत घोटत शिजवतात. हात थांबला की गुठळ्या होतात.

पहाटेच्या प्रार्थनेला पायमोजे घाला, लाकडी जमीन हिवाळ्यात गोठलेली असते. काही मठांत 'गोमा' होतो (गोमा-दोफूतला गोमा वेगळा). तो आपला होमच, शब्दासकट.

मग ओकुनोइन या कोयासानच्या जुन्या दफनभूमीतल्या देवदारांतून 2 किलोमीटर चाला. शेवटच्या पुलापलीकडे टोपी काढा, फोटो बंद. त्याआधी वाटेवरच्या पाच थरांच्या दगडी स्तूपांपाशी थांबून खालून वर बघत जा. ज्यांवर सिद्धम् ही संस्कृतसाठीची जुनी भारतीय लिपी कोरली आहे, त्यांवर अ, व, र, ह, ख असा क्रम असतो: पृथ्वी, जल, अग्नी, वायू, आकाश. शेवाळ चढलेल्या दगडावर बोट फिरवलंत तर 'र' ओळखू येईल.