रोम्युलनांचे दर्शन : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘स्टार ट्रेक: एन्टरप्राइज’ या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेवरच्या माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली, मधे एक चहा झाला. आपण टोपणनावाने लिहिले असल्यामुळे ‘महोदय’ म्हणावे की ‘महोदया’ हे कळत नाही, तेव्हा ‘आपण’ एवढ्यावरच भागवतो.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिले होते की, १९६६ च्या मूळ ‘स्टार ट्रेक’ची पूर्वकथा सांगणाऱ्या या मालिकेने ‘माइनफील्ड’ या भागात रोम्युलनांचे, म्हणजे माणसांच्या जुन्या परग्रही शत्रूंचे, दर्शन कथेतली शंभर वर्षे आधीच घडवून मूळ मालिकेतल्या ‘बॅलन्स ऑफ टेरर’च्या पायाखालची जमीन काढून घेतली. त्यावर आपले शब्द असे : “काका, ‘माइनफील्ड’मध्ये एकही रोम्युलन दिसत नाही, नुसता आवाज आहे. शिवाय तो भाग पहिल्या नाही, दुसऱ्या सीझनचा आहे. नागपुरात केबलवर तुटक तुटक पाहून लेख लिहू नयेत.” त्यापुढे चौथ्या सीझनने सगळे सावरले, मूळ मालिकाच कुठे धड होती, आणि ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ या आणखी एका पूर्वकथेतल्या गॉर्न या सरड्यासारख्या परग्रही प्राण्याबद्दल मी गप्प का, असे आणखी तीन आक्षेप आहेत.

सीझनबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे. ‘माइनफील्ड’ हा दुसऱ्या सीझनचा तिसरा भाग असून तो ऑक्टोबर २००२ मध्ये प्रसारित झाला. माझ्या हातून ‘पहिल्या’ असे लिहिले गेले. चूक माझी, आणि ती दाखवल्याबद्दल मी आपला आभारी आहे.

आता ‘काका’. मला काका म्हणणारे सहा पुतणे आहेत आणि त्यांतला एकही मला मालिका कशी पाहावी हे शिकवत नाही. वयाने लहान असलेल्या माणसाने आपुलकीने काका म्हटले तर माझी तक्रार नसते. परंतु ज्या वाक्यात काका म्हणायचे त्याच वाक्यात कान धरायचा, ही आपुलकी कोणत्या घरातली ते मला समजलेले नाही. आणि ‘नागपुरात’ या शब्दाचे तिथे काय काम होते? आपण कुठून लिहिता हे मला ठाऊक नाही, पण स्टारफ्लीटचे, म्हणजे या मालिकांतल्या अवकाशदलाचे, मुख्यालय कथेत सॅन फ्रान्सिस्कोला आहे, पुण्याला नाही. तेव्हा अंतर आपल्या सर्वांनाच जवळपास सारखे पडते.

विषय काढलाच आहे म्हणून सांगतो. मूळ मालिका मी पहिल्यांदा पाहिली ती ऐंशीच्या दशकात, दूरदर्शनवर, रविवारी सकाळी, नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात. टीव्ही घरमालकांचा होता आणि त्यांच्या बैठकीत आम्ही भाडेकरूंची मुले चपला बाहेर काढून ओळीने बसत असू. माझी आजी दाराशी तांदूळ निवडत बसलेली असे. टोकदार कानांचा व्हल्कन परग्रहवासी, जहाजावरचा अधिकारी स्पॉक पडद्यावर आला की ती सूप खाली ठेवून विचारायची, “हा लंबकान्या कोन होय रे?” दर रविवारी तोच प्रश्न आणि दर रविवारी माझे तेच उत्तर. इंग्रजी आम्हांला अर्धेच समजत होते. त्यामुळे जे समजत नव्हते ते मी वहीत उच्चाराप्रमाणे उतरवून घ्यायचो आणि सोमवारी शाळेत इंग्रजीच्या सरांना विचारायचो. ती दोनशे पानी वही अजून माझ्याकडे आहे. आपल्याकडे अशी वही आहे का, असे मी विचारत नाही. विचारले तर ते उद्धटपणाचे होईल.

राहिली केबल. ‘एन्टरप्राइज’ मी केबलवर पाहिलेलीच नाही. ती मी धरमपेठेतल्या एका दुकानातून भाड्याने आणलेल्या चकत्यांवर पाहिली. ‘माइनफील्ड’ पाहिल्याची रात्र मला आठवते, कारण मे महिना होता, कूलरचा पंप बिघडला होता आणि मी मगाने पाणी घेऊन ताट्या भिजवत होतो. चकती शेवटच्या दहा मिनिटांत अडखळली, हे प्रामाणिकपणे सांगतो. ती दहा मिनिटे मी पुढे दुसऱ्या प्रतीवर पाहिली. याला ‘तुटक तुटक’ म्हणायचे असेल तर अवश्य म्हणा.

आता मुख्य आक्षेप. माझ्या लेखात ‘चेहरा’ हा शब्द कुठेही नाही. मी ‘दर्शन’ म्हटले आहे. दर्शन म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगण्याची वेळ यावी याचे थोडे वाईट वाटते. गाभाऱ्याचे दार बंद असले, पुजारी जेवायला गेलेला असला, तरी माणूस कळसाला हात जोडतो आणि घरी जाऊन दर्शन झाले असेच सांगतो. त्याला कोणी “काका, मूर्ती कुठे पाहिलीत?” असे हटकत नाही. ‘माइनफील्ड’मध्ये रोम्युलनांची जहाजे दिसतात, त्यांचा आवाज येतो, जहाजावरची भाषातज्ज्ञ होशी त्यांच्या संदेशाचा उलगडा करते आणि त्यांचे नाव माणसांच्या कानावर पडते. कळस, घंटा आणि नामस्मरण एवढे तिन्ही झाल्यावर मी दर्शन म्हणणार नाही तर काय म्हणणार?

तरीही, आपण चेहऱ्यावर एवढा भर दिलाच आहे तर चेहऱ्याचे महत्त्व मला ठाऊक नाही असा समज राहू नये. ‘बॅलन्स ऑफ टेरर’ डिसेंबर १९६६ मध्ये प्रसारित झाला. पृथ्वी आणि रोम्युलन यांच्यात शंभरहून अधिक वर्षांपूर्वी युद्ध झाले, ते जुनाट जहाजांतून आणि अणुशस्त्रांनी लढले गेले, कैदी घेतले गेले नाहीत, जहाजाजहाजांत एकमेकांना पाहून बोलण्याची सोय नव्हती. म्हणून कोणीही कोणाला पाहिले नाही, असे स्पॉक सांगतो. मग शत्रूच्या जहाजातले चित्र पकडले जाते आणि पडद्यावर अभिनेता मार्क लेनर्डचा रोम्युलन सेनापती दिसतो. टोकदार कान. कमानदार भुवया. जहाजाच्या पुलावर, म्हणजे नियंत्रणकक्षात, शांतता पसरते आणि स्टाइल्स नावाचा अधिकारी, ज्याच्या घरातली माणसे त्या युद्धात गेलेली आहेत, तो मान वळवून स्पॉककडे पाहतो. तोंडाने काही बोलण्याआधी त्याने काय ठरवले ते आपल्याला कळलेले असते. माझ्या मते मूळ मालिकेतला हा सर्वांत नेमका क्षण आहे. ‘एन्टरप्राइज’ने माणसांना रोम्युलनाचा चेहरा दाखवला नाही आणि हा क्षण वाचवला, हे मला मान्य आहे. लेखातही मी ते नाकारलेले नव्हते. लिहिले नव्हते इतकेच.

परंतु त्या भागाला दोन पाय आहेत, आणि आपण एकाच पायाची राखण करत बसला आहात. दुसरा पाय म्हणजे अदृश्य होणारे जहाज. सीमेवरच्या चौक्या एकेक करून उडवल्या जात आहेत आणि उडवणारा दिसत नाही. अदृश्यता तत्त्वतः शक्य आहे, प्रकाश निवडकपणे वाकवता येईल, पण त्याला प्रचंड ऊर्जा लागेल, असे स्पॉक म्हणतो. ‘तत्त्वतः’ या शब्दावर सगळा भाग उभा आहे. मूळ मालिकेतला कॅप्टन कर्क आणि त्याची माणसे असे काही पहिल्यांदाच पाहत आहेत, म्हणूनच पुढची सगळी लपाछपी, पाणबुडीच्या लढाईसारखी, श्वास रोखून पाहावी लागते.

आता ‘माइनफील्ड’ घ्या. काल कथेतला २१५२, म्हणजे कर्कच्या शंभराहून अधिक वर्षे आधीचा. सुरुंग आहे, पण तो फुटेपर्यंत कोणाला दिसत नाही. दुसरा सुरुंग जहाजाला चिकटतो, त्याचा खिळा तो निकामी करायला बाहेर गेलेल्या शस्त्राधिकारी रीडच्या पायातून आरपार जातो, आणि त्याला सोडवायला कॅप्टन आर्चर अवकाशपोशाख घालून स्वतः बाहेर येतो. (हे दृश्य फार चांगले आहे, हे मी लेखात लिहिले होते, ते आपण वाचले असेलच.) तेवढ्यात मोकळ्या अवकाशातून रोम्युलन जहाज उमटते. जिथे काही नव्हते तिथे जहाज. हे पुलावरच्या सगळ्यांनी पाहिले आणि आर्चरने त्याची नोंद केली नसेल असे मानायला जागा नाही. मग शतकानंतर स्पॉक, ज्याला जहाजातला प्रत्येक दस्तऐवज पाठ असतो, तो ‘तत्त्वतः’ कसे म्हणतो? तुम्ही याला उत्तर दिलेले नाही. तुम्ही ‘चेहरा दिसत नाही’ असे म्हणून हात झटकले आहेत. याच मालिकेतल्या सुलिबान या परग्रही जमातीकडेही तसले तंत्र होतेच, असे कोणी म्हणेल. त्याने रोग बरा होत नाही, वाढतो.

मी एकतीस वर्षे तलाठी म्हणून नोकरी केली. काटोल, कुही आणि हिंगणा या तालुक्यांत. हे इथे सांगण्याचे कारण आहे. जमिनीच्या कागदात बदल कसा होतो? वारसाने अर्ज द्यायचा, गाव नमुना सहामध्ये फेरफार लिहायचा, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचे, मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची, आणि मगच सातबारावर नवे नाव चढवायचे. जुने नाव खोडायचे नाही. त्याला कंस करायचा आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहायचा, म्हणजे पन्नास वर्षांनी कोणी पाहिले तरी आधी कोण होते, कधी गेले आणि कोणत्या आधाराने गेले हे वाचता येते. जो तलाठी ब्लेडने खरवडून नवे नाव लिहितो त्याची चौकशी लागते. (ज्या अधिनियमाखाली हे चालते तोही १९६६ चाच, हे मी कोणाला सांगितले की लोक हसतात.)

मी लेखात एवढेच म्हणत होतो. पूर्वकथा लिहिणाऱ्याने फेरफार करावा, त्याला कोणी अडवलेले नाही. पण फेरफार आणि खाडाखोड यांत फरक असतो. क्लिंगन या परग्रही योद्ध्यांचे कपाळ पाहा. मूळ मालिकेत ते सपाट होते, १९७९ च्या चित्रपटात त्यावर उंचवटे आले, आणि १९९६ मध्ये ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेतला क्लिंगन वॉर्फ ‘आम्ही परक्यांशी यावर बोलत नाही’ एवढे म्हणून सुटला. मग ‘एन्टरप्राइज’ने फेब्रुवारी २००५ मध्ये ‘अफ्लिक्शन’ आणि ‘डायव्हर्जन्स’ या दोन भागांत त्याचा खुलासा दिला : माणसाच्या सुधारित जनुकांशी खेळ, त्यातून पसरलेली साथ, आणि तिच्यामुळे सपाट झालेली कपाळे. जुने कपाळ पुसले नाही. त्याला कंस केला आणि शेजारी कारण लिहिले. याला मी प्रमाणित नोंद म्हणतो. ‘माइनफील्ड’मधल्या अदृश्य जहाजाला कुठला क्रमांक आहे ते दाखवा.

चौथ्या सीझनबद्दल आपण बरेच लिहिले आहे. निर्माते मॅनी कोटो यांनी सूत्रे हाती घेतल्यावर व्हल्कनांचे वागणे, क्लिंगनांचे कपाळ, रोम्युलनांचे दुरून चालवलेले जहाज हे सगळे जुन्या मालिकेशी जुळवून घेतले गेले, हे खरे आहे. त्या जहाजाच्या भागांत प्रेक्षकांना रोम्युलन चेहऱ्यानिशी दिसतात आणि कथेतल्या माणसांना दिसत नाहीत, ही कसरत मलाही आवडली. पण माझा लेख दुसऱ्या सीझनविषयी होता. (पहिल्या, असे मी लिहिले होते, तो विषय संपला आहे.) पुढच्या तलाठ्याने चांगले काम केले म्हणून आधीच्याची खाडाखोड कायदेशीर होत नाही.

मूळ मालिकेतही चुका होत्या, हा आपला तिसरा मुद्दा. १९६६ च्या ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’मध्ये थडग्यावर कर्कच्या मधल्या नावाचे अक्षर ‘आर’ आहे आणि पुढे ते ‘टी’ झाले, हे जगजाहीर आहे. आमच्याकडे याला लेखनप्रमाद म्हणतात. त्याच्या दुरुस्तीला कलम १५५ आहे. अदृश्य जहाज हा लेखनप्रमाद नव्हे. यावर अधिक लिहिण्याची मला गरज वाटत नाही.

गॉर्नबद्दल मी गप्प राहिलो, कारण लेख गॉर्नबद्दल नव्हता. जानेवारी १९६७ च्या ‘अरीना’मध्ये कर्कला जो प्राणी सर्वस्वी अनोळखी आहे, त्याच्याशी २०२२ पासूनच्या पूर्वकथेत कर्कच्या आधीच्या कॅप्टन पाइकची माणसे वारंवार झुंजतात, माझ्या मोजपट्टीने तेही खाडाखोडीतच बसते. बस्स. पक्षपात केला नाही.

शेवटी आपण विचारले आहे की, ‘एवढे दोष दिसतात तर पाहता कशाला?’ अठ्ठ्याण्णव भाग पाहिले आहेत, काही दोनदा, आणि ‘माइनफील्ड’ या उत्तरासाठी काल रात्री तिसऱ्यांदा, यावेळी न अडखळता. रोम्युलनाचा चेहरा खरोखरच दिसत नाही. लेखातला ‘दर्शन’ हा शब्द मी तसाच ठेवला आहे. सीझनचा आकडा आज सकाळी बदलला असून जुना आकडा कंसात ठेवला आहे. शेजारी आपल्या प्रतिक्रियेची तारीखही लिहिली आहे.