बिनतारी सेन्सर आला म्हणून बॉयलरचा गेज काढू नका

गळीत हंगाम तोंडावर आला असताना लातूर, धाराशिव आणि बीडकडील साखर कारखान्यांच्या कामगारांमध्ये एक संदेश फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: वायर नाही, बॅटरी नाही, असा सिरॅमिकचा प्रेशर सेन्सर निघाला असून तो १००० अंशांवरही चालतो, तो बॉयलरच्या आत बसवा, दाब थेट मोबाईलवर पाहा, गेज (दाब दाखवणारी तबकडी) आणि सायफन (गेजच्या आधीची वळणदार नळी) यांची कटकट कायमची संपली. मी अशाच एका कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात काम करतो. असे सेन्सर खरोखर आहेत आणि त्यांची रचना फार सुंदर आहे. म्हणूनच त्यांच्या नावावर धोक्याचा सल्ला पसरावा, हे मला पाहवत नाही.

बॅटरी लागत नाही, हे खरे आहे. सिरॅमिकच्या चकतीत एक बंद पोकळी असते, तिचे छत म्हणजे पातळ पडदा, आणि वरखाली छापलेल्या धातूच्या पट्ट्यांचा कपॅसिटर एका सपाट कॉइलला जोडलेला असतो. दाब वाढला की पडदा आत दबतो, पट्ट्यांमधले अंतर घटते, कपॅसिटन्स वाढतो आणि या जोडीची अनुनाद वारंवारता, म्हणजे ज्या वारंवारतेला ती सर्वाधिक प्रतिसाद देते ती, खाली उतरते. बाहेर धरलेली दुसरी कॉइल ही वारंवारता ओळखते. मात्र आतल्या सेन्सरला लागणारी ऊर्जा याच बाहेरच्या कॉइलकडून जाते, म्हणजे वीज आणि वायर तिला लागतेच. (ही कल्पना भट्टीसाठी जन्मली नव्हती; १९६७ मध्ये संशोधक कॉलिन्स यांनी ती डोळ्यातला दाब मोजण्यासाठी मांडली होती.)

१००० अंशांचा दावा सेन्सर कशाचा बनवला आहे, यावर अवलंबून आहे. चांदी ९६२ अंशांना वितळते, त्यामुळे चांदीची कॉइल तिथे टिकणार नाही. ॲल्युमिना (उष्णता सोसणारे सिरॅमिक) आणि प्लॅटिनम यांसारखे साहित्य वापरावे लागते. प्लॅटिनम वितळत नसले तरी त्याचा रोध वाढतो. शून्य अंशाला १०० ओहम असलेला आपला पीटी-१०० हा तापमान मोजणारा प्लॅटिनमचा घटक ८५० अंशांना सुमारे ३९० ओहम दाखवतो. तीच गत कॉइलची होते आणि बाहेरच्या कॉइलला आलेखावर दिसणारा अनुनादाचा टोकदार खड्डा बोथट, पसरट होतो. शिवाय तापमानाबरोबर सिरॅमिकचे विद्युत गुणधर्मही बदलतात, त्यामुळे दाब तोच असताना वारंवारता सरकते. उष्णतेचा हा वाटा वेगळा मोजून वजा केल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

मोबाईलची गोष्ट तर टिकतच नाही. दोन कॉइलींमधले अंतर साधारण काही सेंटिमीटरच चालते, आणि बॉयलरच्या ड्रमची भिंत जाड पोलादाची असते. अशा सेन्सरसाठी वापरली जाणारी, समजा ३० मेगाहर्ट्झची, लहर पोलादात मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीही शिरत नाही. मोबाईलमधली एनएफसी (जवळून बिनतारी देवाणघेवाण करणारी) कॉइल १३.५६ मेगाहर्ट्झ या एकाच वारंवारतेवर चालते, त्यामुळे तिला सरकणारी वारंवारता शोधता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. संदेश लिहिणाऱ्याने असे गृहीत धरले आहे की दाब मोजायचा तर मोजणाऱ्याने आगीत उतरले पाहिजे. सहवीजनिर्मितीच्या बॉयलरची मुख्य वाफ ५०० अंशांच्या आसपास असते, पण तिचा दाब मोजणारा गेज ती वाफ कधीच पाहत नाही. सायफनच्या वळणात वाफ थंड होऊन पाणी साचते, ते पाणी दाब पुढे नेते आणि उष्णता मागे अडवते. ऐन हंगामात मी त्या नळीच्या गेजकडील टोकाला हात लावतो. ते कोमट असते. दाबाचा आकडा विजेच्या संकेताने पाठवणाऱ्या ट्रान्समीटरपर्यंत दाब नेणाऱ्या नळीचे, म्हणजे इम्पल्स लाइनचेही हेच तत्त्व आहे. दाब थंड जागी आणता येतो, म्हणून बॉयलरला हजार अंशांचा सेन्सर लागतच नाही, आणि बॉयलरवर गेज असणे तर कायद्यानेच बंधनकारक आहे.

जिथे नळी नेताच येत नाही, तिथे या सेन्सरची खरी गरज आहे. गॅस टर्बाइनच्या फिरत्या भागांवर वायर टिकत नाही. ज्वलनकक्षात दाब सेकंदाला शेकडो वेळा हेलकावतो आणि लांब नळीत ते हेलकावे विकृत होतात. तिथे हे संशोधन चालू राहावे, असे मला मनापासून वाटते. आमच्या लाइनवर मात्र या हंगामातही गेज बसवल्यावर आधी सायफनमध्ये पाणी भरले जाईल, मगच कॉक उघडला जाईल.