रोबोटिक गुडघा आणि एका एक्स-रेवर तोललेला पुरावा

‘रोबोटने बसवलेला गुडघा जास्त अचूक बसतो, म्हणून जास्त टिकतो आणि कमी दुखतो, क्लिनिकल ट्रायलमध्ये हे सिद्ध झालंय.’ व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या या वाक्यात दावे तीन आहेत. तिन्हींचा पुरावा सारख्या वजनाचा नाही.

‘अचूक बसतो.’ बऱ्याच अंशी खरं. पायाचा अक्ष ठरलेल्या कोनापासून ३ अंशांहून जास्त ढळला की तो गुडघा ‘आउटलायर’ धरतात, आणि रोबोटच्या गटात असे गुडघे कमी निघतात. पण लहान चाचणीत हा फरक किती तकलादू असतो, ते उदाहरणाच्या आकड्यांवर बघा. दोन्ही गटांत ५०-५० रुग्ण. रोबोटकडे १ आउटलायर, नेहमीच्या पद्धतीत ९. फिशरच्या संख्याशास्त्रीय कसोटीने पी-मूल्य (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता; ०.०५ च्या खाली असली की फरक ‘लक्षणीय’ धरतात) ०.०१६. छान! आता रोबोटच्या गटातला आणखी एकच गुडघा २.९ ऐवजी ३.१ अंश मोजला गेला असं धरा. २ विरुद्ध ९, पी ०.०५१, ‘सिद्ध’ गेलं. म्हणजे फ्रॅजिलिटी इंडेक्स (किती रुग्णांचा निकाल बदलला की ‘लक्षणीय’ फरक नाहीसा होतो, तो आकडा) फक्त १. एक्स-रे काढताना गुडघा जरा वाकलेला किंवा पाय वळलेला असला तरी कोन एवढा बदलतो. शिवाय फॉलो-अपला चार जण आलेच नसतील, तर न आलेल्यांची संख्याच इंडेक्सपेक्षा मोठी.

‘म्हणून जास्त टिकतो.’ खरी गोम या ‘म्हणून’मध्ये आहे. मेयो क्लिनिकने २०१० साली ३९८ गुडघ्यांचा १५ वर्षांचा हिशोब मांडला, तेव्हा ३ अंशांच्या आत बसलेले गुडघे बाहेरच्यांपेक्षा जास्त टिकलेले दिसले नाहीत. दक्षिण कोरियातल्या सुमारे १,४०० रुग्णांच्या रँडमाइज्ड (कोणाला कोणती पद्धत हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेल्या) चाचणीत (२०२०) १५ वर्षांनी दोन्ही गटांत ९८ टक्के सांधे शाबूत होते. त्यात वापरलेला रोबोडॉक हा रोबोट जुना, हा आक्षेप रास्त आहे. पण माको या नव्या रोबोटला पूर्ण गुडघाबदलासाठी अमेरिकेत मंजुरी २०१५ साली मिळाली. त्याचे १५ वर्षांचे आकडे २०३०च्या आधी येणार कुठून?

अर्थात, कोरियन चाचणीनेही ‘दोन्ही सारखेच’ असं सिद्ध होत नाही. फेरशस्त्रक्रियेचं प्रमाण ५ वरून ४ टक्क्यांवर आलं, तर तो फरक ८० टक्के पॉवरने (म्हणजे फरक खरा असेल तर दहापैकी आठ वेळा सापडेल असा) पकडायला प्रत्येक गटात सुमारे ६,७०० रुग्ण लागतात.

‘कमी दुखतो.’ गुडघ्याचं दुखणं आणि हालचाल यांवर रुग्णाने स्वतः दिलेल्या उत्तरांचा ऑक्सफर्ड नी स्कोअर ० ते ४८ असतो. साधारण ५ गुणांखालचा फरक रुग्णाला जाणवतोच असं नाही. पण गटात २५० रुग्ण आणि प्रमाण विचलन (रुग्णारुग्णांतल्या गुणांचा पसारा) ८ असेल, तर २ गुणांचा फरकही पी ०.००५ दाखवतो. त्यात रोबोटला हाडाची जागा दाखवणाऱ्या ट्रॅकरच्या पिनांसाठी बऱ्याचदा मांडीत-नडगीत वेगळे छेद घेतात. दुसऱ्या गटात तसे खोटे छेद दिले नाहीत, तर कोणाला रोबोट मिळाला हे रुग्णाला व्रण बघूनच कळतं, आणि वेदनेचे गुण तोच देतो. शिवाय वीस स्वतंत्र निकष तपासले, तर खरा फरक शून्य असतानाही एखादा तरी निकष ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता ६४ टक्के. म्हणून पेपर हातात आला की आधी चाचणीच्या नोंदणीत मुख्य म्हणून लिहिलेला (प्राथमिक) निकष बघावा, आणि छापलेला तोच आहे का ते ताडून घ्यावं.