डेअरडेव्हिल, सीझन दुसरा: खटला उभा राहिला आणि वकीलच आला नाही

सुपरहिरोंच्या गोष्टीत कोर्टाला सहसा काम नसतं. गुंडाला बडवायचं, बांधून पोलिसांसमोर टाकायचं, की संपलं. 'डेअरडेव्हिल' मला पहिल्या सीझनपासून जवळची वाटली ती एवढ्यासाठीच की तिचा नायक पेशाने वकील आहे. मॅट मर्डॉक. लहानपणी अपघातात डोळे गेलेले, बाकीची इंद्रियं विलक्षण तल्लख झालेली. दिवसा न्यूयॉर्कच्या हेल्स किचनमध्ये फी न देऊ शकणाऱ्यांचे खटले लढवतो आणि रात्री मुखवटा चढवून त्याच गल्ल्यांत मारामाऱ्या करतो. मी फौजदारी वकिली करते. त्यामुळे दुसऱ्या सीझनवरचा माझा राग हा चाहतीचा आहे तितकाच वकिलाचाही आहे. ज्यांनी अजून पाहिला नाही त्यांनी इथेच थांबा, पुढे सगळं उघड करून लिहिणार आहे.

हा सीझन १८ मार्च २०१६ ला आला. नेटफ्लिक्स भारतात जानेवारीतच सुरू झालेलं, त्यामुळे अमेरिकेबरोबर त्याच दिवशी आपल्याला पाहायला मिळालेल्या पहिल्या काही मालिकांपैकी ही एक. एकूण १३ भाग. आणि त्यातले पहिले चार माझ्या मते सुपरहिरो या प्रकारात टीव्हीवर झालेलं सर्वोत्तम काम आहे.

सुरुवातीलाच आयरिश टोळीची बैठक गोळ्यांनी चाळण होते. सगळ्यांना वाटतं हे कुणा मोठ्या टोळीचं काम. निघतो एकटा माणूस, फ्रँक कॅसल, म्हणजे पनिशर. मरीनमधला माजी सैनिक. बायको, मुलगी, मुलगा तिघंही सेंट्रल पार्कमधल्या टोळ्यांच्या गोळीबारात गेले, आणि आता तो त्या टोळ्यांतला एकेक माणूस संपवत सुटलाय. मॅट गुन्हेगाराला मारतो पण जीव घेत नाही. कॅसल थेट जीव घेतो. दोघंही कायद्याच्या बाहेर. मग फरक नेमका काय आणि तो टिकतो का, हा या सीझनचा प्रश्न.

तिसऱ्या भागातला गच्चीवरचा प्रसंग या प्रश्नाचा गाभा. कॅसलने मॅटला साखळदंडाने धुराड्याला बांधलंय. हाताला पिस्तूल चिकटपट्टीने गुंडाळून पक्कं केलंय. समोर ग्रोटो नावाचा एक भुरटा गुंड, ज्याचं वकीलपत्र मॅटच्याच फर्मने घेतलंय. कॅसल त्याच्याकडून वदवून घेतो की एका म्हाताऱ्या बाईने पाहिलं म्हणून त्याने तिलाही मारलं होतं. आता मॅटने कॅसलवर गोळी झाडायची, नाहीतर ग्रोटोला मरताना बघायचं. त्याआधी दोघांचा जो वाद होतो त्यात एकही वाक्य वाया गेलेलं नाही. तू मारलेले उद्या पुन्हा उठून उभे राहतात, मी मारलेले राहत नाहीत, हा कॅसलचा मुद्दा. माणूस बदलू शकतो, ती संधी काढून घेणारा तू कोण, हा मॅटचा. मधेच आवाज ऐकून इमारतीतला एक म्हातारा वर येतो, तर कॅसल पाठीमागे पिस्तूल लपवून त्याच्याशी इतक्या अदबीने बोलतो की आपल्याला कळेनासं होतं या माणसाला घाबरायचं की त्याच्यावर माया करायची.

हा प्रसंग २००० सालच्या पनिशर कॉमिकमधून घेतलाय, गार्थ एनिस आणि स्टीव्ह डिलन यांच्या. पण कॉमिकमध्ये मॅट खरंच चाप ओढतो. पिस्तुलात फायरिंग पिन नसते म्हणून कॅसल वाचतो, मात्र मॅटला कळून चुकतं की वेळ आली तेव्हा आपण चाप ओढला. मालिकेतला मॅट गोळी झाडतो ती साखळीवर, आणि सुटतो. तोवर ग्रोटो मेलेला असतो. मला पहिल्या वेळी हा बदल खटकला नव्हता. पूर्ण सीझन पाहिल्यावर मात्र वाटलं, मालिकेने मॅटला अडचणीतून बाहेर काढायची सुरुवात इथेच केली. कठीण प्रश्न आला की बाजूची साखळी तोडायची.

त्यानंतरची जिन्यातली मारामारी, एकाच शॉटमध्ये घेतल्यासारखी दिसणारी, तिच्यावर हजारो लोकांनी लिहिलंय. मला त्याच भागातलं दुसरं एक दृश्य जास्त आवडतं. मॅटचा भागीदार फॉगी नेल्सन त्याला शोधत रुग्णालयात येतो, तिथे दोन टोळ्यांची पोरं एकमेकांवर उठलेली असतात. फॉगीकडे ना ताकद ना मुखवटा. तो मध्ये उभा राहतो आणि नुसता बोलतो. वकिलासारखा बोलतो, इथे काही केलंत तर पुढे कोर्टात तुमचं काय होईल ते समजावून सांगतो, आणि हाणामारी थांबते. एका गच्चीवर मॅट बोलून हरतोय आणि त्याच रात्री फॉगी बोलून जिंकतोय. एल्डन हेन्सनने हा फॉगी इतका खरा उभा केलाय की मला कोर्टाच्या व्हरांड्यातले माझे दोन-तीन सहकारी आठवले.

चौथ्या भागातलं दफनभूमीतलं कॅसलचं बोलणं मी इथे पूर्ण सांगणार नाही. थोडक्यात, लढाईवरून परतलेला बाप, झोपताना गोष्ट वाच म्हणून मागे लागलेली मुलगी, आणि 'आज दमलोय, उद्या वाचतो' म्हणणारा तो. दुसऱ्या दिवशी ती राहिलीच नाही. जॉन बर्नथल हे सगळं रक्ताने माखलेल्या चेहऱ्याने, जवळजवळ पुटपुटत सांगतो. संगीताने भावना ओतलेली नाही, रडारड नाही. बळी पडलेल्यांच्या घरच्यांना मी रोज भेटते. आठ-आठ वर्षं तारखांना येणारी आई माझ्या बाकाशेजारी डबा मांडीवर घेऊन बसते आणि विचारते, "मॅडम, आज तरी साक्ष होईल का?" तिला मी कायद्याचं जे उत्तर देते ते बरोबर असतं, आणि तिच्या चेहऱ्यावर त्याचा काहीही उपयोग झालेला दिसत नाही. कॅसल कुठून येतो हे मला बर्नथलने समजावलं. त्याच्या बाजूची मी झाले नाही, पण यापुढे त्याला वेडा खुनी म्हणून मोकळीही होऊ शकत नाही.

आणि मग खटला येतो. सरकार विरुद्ध फ्रँक कॅसल. बचावाची बाजू नेल्सन अँड मर्डॉककडे.

याहून चांगली संधी कुठल्या लेखकाला मिळते? ज्या माणसाशी गच्चीवर वाद हरला त्याचाच वकील म्हणून मॅटला ज्युरीसमोर उभं राहायचंय. सरकारी बाजू धुतल्या तांदळाची नाही. डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी समांथा रेयेस हिने टोळ्यांसाठी सापळा लावला होता, पार्क रिकामं केलं नव्हतं, आणि कॅसलचं कुटुंब त्यात मेलं. ते झाकण्यासाठी कागदपत्रं बदलली गेली. बाहेर रस्त्यावर लोक दोन्ही बाजूंनी घोषणा देतायत. मुंबईत १९५९ मध्ये नानावटी खटल्याच्या वेळी हेच झालं होतं. गणवेशातला अधिकारी, वृत्तपत्रांनी पेटवलेली सहानुभूती, आणि ज्युरीचा आठ विरुद्ध एक असा निर्दोष असल्याचा कौल. सत्र न्यायाधीशांनी तो मान्य न करता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे शिक्षा झाली. लोकांना आवडलेला आरोपी समोर असताना कायद्याने काय करायचं, हा प्रश्न आम्हाला वकिलीच्या पहिल्या वर्षापासून शिकवला जातो.

मालिका काय करते? पहिल्या दिवशी मॅट उशिरा येतो. रात्रभर जुनी प्रेयसी एलेक्ट्रा हिच्याबरोबर होता. सुरुवातीचं निवेदन मॅटने करायचं ठरलेलं, ते फॉगीला आयत्या वेळी उभं राहून करावं लागतं, आणि तो ते उत्तम करतो. कागदपत्रं बदलणारा डॉक्टर साक्षीला येतो, कबूलही करतो, पण आदल्या रात्री एका बाईने घरी येऊन धमकावलं हेही सांगून टाकतो. ती बाई एलेक्ट्रा. साक्ष बाद. शेवटी कॅसल पिंजऱ्यात उभा राहतो तेव्हा मॅट त्याची साक्ष घेता घेता ज्युरीला मुखवटेवाल्यांची गरज पटवायला लागतो, म्हणजे स्वतःचाच बचाव मांडतो. आणि कॅसल ओरडून सांगतो की मी जे केलं ते केलं, पुन्हा करीन. नंतर कळतं की तुरुंगातून विल्सन फिस्कने, म्हणजे पहिल्या सीझनच्या खलनायकाने, निरोप पाठवला होता. खटला खलास.

या शेवटावर माझा आक्षेप नाही. आरोपीने स्वतःचा खटला स्वतः बुडवणं मी पाहिलंय. माझा आक्षेप असा की खटल्यात खरं भांडण होऊच दिलं नाही. उलटतपासात सरकारी वकिलांना घाम फुटलाय, ज्युरीतल्या एखाद्या चेहऱ्यावर चलबिचल झालीय, कॅसलला पहिल्यांदाच वाटतंय की कुणीतरी आपल्या मेलेल्या लेकरांसाठी उत्तर मागतंय, असं काहीही नाही. युद्धाचा मानसिक आघात हा बचाव घ्यायला कॅसल नकार देतो, कारण खरोखर तो आघात सोसणाऱ्या सैनिकांचा तो अपमान होईल असं त्याला वाटतं. केवढा मोठा धागा! दोन वाक्यांत संपवला.

का, तर दुसऱ्या बाजूला निन्जा वाट बघतायत. 'द हँड' नावाची प्राचीन संघटना, जमिनीत खणलेला प्रचंड खड्डा, मेलेले परत उठणारे योद्धे, 'ब्लॅक स्काय' नावाचं भाकीत. एलोडी युंगची एलेक्ट्रा मला आवडली, ती धोकादायक आहे आणि एकटी आहे हे तिच्या डोळ्यांत एकाच वेळी दिसतं. पण तिच्याभोवतीच्या गोष्टीला नियमच नाहीत. हँडचा नोबू पहिल्या सीझनमध्ये जळून मेला होता, तो परत येतो. मेलेला माणूस परत येऊ शकत असेल तर कॅसलच्या पोरांच्या मरणाला वजन काय राहिलं? जीव घ्यायचा की नाही यावर १३ तासांची मालिका चाललीय आणि अर्ध्या भागात मृत्यूच तात्पुरता आहे. हे दोन विषय एका सीझनमध्ये नांदूच शकत नव्हते. पहिल्या सीझनचे सूत्रधार स्टीव्हन डीनाइट गेले आणि डग पेट्री व मार्को रामिरेझ आले, त्यामुळे हे झालं की मार्व्हलच्या नायकांच्या पुढच्या एकत्रित मालिकेची तयारी करायची होती म्हणून झालं, मला त्यात शिरायचं नाही.

तुरुंगातला फिस्क मात्र थोड्या वेळात सगळं व्यापून टाकतो. व्हिन्सेंट डिनोफ्रिओला एक खोली आणि एक टेबल पुरतं.

कॅसलच्या छातीवरच्या कवटीबद्दल, म्हणजे पनिशरच्या चिन्हाबद्दलही लिहायला हवं. पनिशर १९७४ मध्ये स्पायडरमॅनच्या अंकात खलनायकासारखा आला होता. पुढे अमेरिकेतल्या काही पोलिसांनी आणि सैनिकांनी ती कवटी आपल्या गाड्यांवर, गणवेशावर मिरवली. त्याचे एक जनक जेरी कॉनवे यांनी याला जाहीर विरोध केला, कारण पनिशर हे न्यायव्यवस्था कोसळल्याचं चिन्ह आहे आणि व्यवस्था राखणाऱ्यांनीच ते लावावं हे त्यांना पटलं नाही. आपल्याकडे एन्काउंटरच्या बातमीखाली टाळ्या वाजवणाऱ्या कॉमेंट वाचल्या की मला हेच आठवतं. म्हणून ही मालिका कोर्टात काय म्हणते याला महत्त्व होतं. तिचे कॅसलचे प्रसंग इतके जबरदस्त आहेत की उत्तरही तितकंच जबरदस्त हवं होतं. ते न दिल्यामुळे अनेक प्रेक्षक फक्त कवटी घेऊन घरी गेले.

हे उत्तर देऊ शकणारी व्यक्ती मालिकेत होती. मॅट आणि फॉगीच्या ऑफिसातली सहकारी कॅरन पेज. कॅसलवर विश्वास ठेवणारी, त्याच्या घरात जाऊन मुलांच्या खोल्या पाहणारी, सत्य खणून काढणारी ती एकटी. डेबोरा अ‍ॅन वोल आणि बर्नथल समोरासमोर कॉफी घेऊन बसतात तो प्रसंग माझ्या दृष्टीने उत्तरार्धातला सगळ्यात चांगला. आणि आपल्याला माहीत आहे की पहिल्या सीझनमध्ये कॅरनने स्वतः फिस्कचा उजवा हात वेस्ली याला गोळ्या घातल्या आहेत. हे तिने कुणालाही सांगितलेलं नाही. कॅसलची बाजू तिला कळते ती दयेपोटी नाही, आतून कळते.

शेवटच्या भागात ती न्यूयॉर्क बुलेटिन या वर्तमानपत्रासाठी लेख लिहिते. मला वाटलं, आता येणार. तिचा आवाज सुरू होतो आणि ती लिहिते नायकांबद्दल, न्यूयॉर्कच्या सामान्य माणसांबद्दल, आरशात बघा म्हणून. छान शब्द आहेत, कुठल्याही वर्धापनदिनाच्या पुरवणीत शोभतील. कॅसलबद्दल तिने जे खणून काढलं होतं, रेयेसने जे लपवलं होतं, तीन माणसं कशी मेली आणि कुणाच्या सहीने ते झाकलं गेलं, ते तिने छापायला हवं होतं. कोर्टात जी नोंद झाली नाही ती निदान वर्तमानपत्रात तरी झाली असती, त्या मुलांच्या नावांसकट.