‘लॉयल्टी’च्या आधीचं काय?

५ एप्रिलच्या राष्ट्रीय सागरी दिनावरचा तुमचा लेख आवडला, पण ५ एप्रिल १९१९ ला ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून लंडनला निघाली आणि तिथूनच स्वदेशी जहाजांची सुरुवात झाली, हे काही पटलं नाही. वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सिंधिया जहाज कंपनीचं श्रेय कोणी नाकारत नाही. (खुद्द ‘लॉयल्टी’ मात्र जुनी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेली, म्हणजे सेकंडहँडच!) पण चिदंबरम पिल्ले यांनी १९०६ मध्येच तुतिकोरिनला स्वदेशी कंपनी काढून कोलंबोला बोटी सोडल्या होत्या. इंग्रज कंपनीने भाडं पाडलं. शेवटी फुकट नेऊन वर छत्रीही देत, असं सांगतात. १९०८ मध्ये पिल्ले तुरुंगात गेले, तिथे घाण्याला जुंपले गेले, आणि कंपनी बुडाली. लेखात त्यांचं नावसुद्धा नाही?

मला ते नाव कळलं १९७२ च्या टपाल तिकिटामुळे. वडील तिकिटं छापणाऱ्या आमच्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये कामाला. गेटवर झडती इतकी कडक की घरी कागदाचा कपटा यायचा नाही. मी आपला पोस्टात रांग लावून तिकिटं घ्यायचो. पिल्ल्यांचं तिकीट दाखवून हे कोण म्हणून विचारलं, तर वडील म्हणाले, “मद्रासकडचे. बोटीवाले.” बाकीचं पुढे वाचनात आलं. पिल्ल्यांची चळवळ चिरडणारा इंग्रज अधिकारी ॲश १९११ मध्ये मणियाची स्टेशनात गोळीला बळी पडला. तोही कलेक्टरच. नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेऱ्यांनी उडवलं त्याला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. पुढच्या ५ एप्रिलला लिहाल तेव्हा तुतिकोरिनपासून सुरुवात करा.