नेल्सनचं १९४५ साल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकन गोल्फर बायरन नेल्सनवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘सलग ११ स्पर्धा जिंकल्या, वर्षात १८, सगळं खरं, पण निम्मे खेळाडू युद्धावर होते. वासरात लंगडी गाय शहाणी! होगन परतल्यावर स्वारीने ३४व्या वर्षीच काढता पाय घेतला.’

म्हण झकास, आणि आक्षेप अगदीच पोकळ नाही. मार्च ते ऑगस्ट विजयांची ती रांग लागली तेव्हा त्याचा तगडा प्रतिस्पर्धी बेन होगन बहुतेक काळ लष्करातच होता. (नेल्सनला रक्त नीट न गोठण्याच्या दोषामुळे भरतीतून सूट मिळाली होती, तो काही लपून बसला नव्हता.)

पण सॅम स्नीड, तितकाच दिग्गज गोल्फर, होता ना! मार्चमध्ये शार्लटला दोघांची बरोबरी झाली. निकालासाठी १८ होलची (म्हणजे एक पूर्ण) जादा फेरी खेळवली, तर तीही बरोबरीत. मग आणखी १८ होल, तेव्हा कुठे नेल्सन सुटला. स्नीडला वासरू म्हणायची माझी तरी छाती नाही.

शिवाय समोरचा गोलंदाज कच्चा म्हणून गोल्फमध्ये धावा निघत नाहीत. इथे फटके जितके कमी तितकं चांगलं, आणि त्या वर्षी नेल्सनची सरासरी होती फेरीला साधारण ६८.३ फटके. ती मागे टाकायला टायगर वुड्सचं २००० साल उजाडावं लागलं. मैदानं सोपी होती म्हणाल, तर ती सगळ्यांनाच सोपी होती.

आता होगन. सैन्यातून सुटल्यावर सप्टेंबरमध्ये पोर्टलंडला त्याने चार फेऱ्या २६१ फटक्यांत संपवल्या, तो तेव्हाचा विक्रम. नेल्सन दुसरा, तब्बल १४ फटके मागे. दुसरा कुणी खचला असता. नेल्सन दोनच आठवड्यांनी सिएटलला ६२, ६८, ६३, ६६ खेळला. बेरीज २५९! होगनचा विक्रम पंधरवडासुद्धा टिकला नाही.

राहिला ‘काढता पाय’. १९४६ मध्ये सगळे परतल्यावरही त्याने सहा स्पर्धा जिंकल्या. त्याला मुळात टेक्ससमध्ये रॅंच, म्हणजे गुरं पाळायला मोठी जमीन, हवी होती. बक्षिसाचा पैसा त्याला जमीन आणि गुरांच्या हिशेबातच दिसायचा. रोआनोकजवळ जमीन झाली आणि त्याने पूर्णवेळ खेळणं थांबवलं. पुढे अधूनमधून खेळायला उतरला, तेव्हाही १९५१ची क्रॉस्बी स्पर्धा आणि १९५५ची फ्रेंच ओपन जिंकलाच.